सर्व्हे वाईट आल्यावर जुनी मोटारबोट घ्यावी की सोडावी

सर्व्हेचा, म्हणजे खरेदीआधी करून घेतलेल्या बोटीच्या तपासणीचा, अहवाल हातात पडतो, त्याची चौदा पाने असतात, त्यांतल्या नऊ पानांवर लाल शाईच्या खुणा असतात, आणि जिच्यासाठी आपण मनातल्या मनात नावसुद्धा ठरवून ठेवले होते ती बोट एकाएकी सडकी वाटू लागते. जुनी बोट घेणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. अशा वेळी माणूस दोनपैकी एक चूक करतो: घाबरून चांगली बोट हातची घालवतो, किंवा विक्रेत्याने पन्नास हजार कमी केले एवढ्यावर खूश होऊन वाईट बोट पदरात पाडून घेतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे अहवालातले दोष मोजत बसणे. दहा वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या बोटीत तीस-चाळीस दोष निघाले तर त्यात नवल काही नाही. पाहायचे असते ते प्रत्येक दोषाचा तळ लागतो की नाही. दोष कुठून सुरू होतो, कुठे संपतो आणि दुरुस्तीला किती खर्च येईल हे ज्याच्याबाबत सांगता येते, तो दोष कितीही मोठा असला तरी त्याची किंमत करता येते. ज्याच्याबाबत हे सांगता येत नाही, तो कागदावर एका ओळीचा असला तरी तीच ओळ सौदा मोडायला पुरेशी ठरू शकते.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे ती मांडव्यापासून मुरूड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे गोव्यापर्यंत सगळीकडे दिसणारी बोट: २० ते २८ फूट लांबीची, फायबरची, मागे एक किंवा दोन आउटबोर्ड इंजिने लावलेली. पोटात डिझेल इंजिन असलेल्या बोटींचे काही मुद्दे वेगळे आहेत. ते ओघाने येतील.

सर्व्हे कोणाचा आणि कशासाठी

आपल्याकडे ‘बोटीचा सर्व्हे झालेला आहे’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात, आणि विक्रेता बोलताना सोयीचा तो अर्थ घेतो. पहिला सर्व्हे सरकारी. खाडी आणि बंदराच्या हद्दीत चालणाऱ्या यांत्रिक नौकांना इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ या कायद्याखाली नोंदणीचे आणि सर्व्हेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे. या तपासणीचा हेतू नौका त्या दिवशी चालवायला योग्य आहे का आणि तिच्यावर जीवरक्षक साधने, अग्निशामके वगैरे नियमाप्रमाणे आहेत का, एवढे ठरवण्याचा असतो. तुम्ही मोजणार असलेल्या पैशाइतकी ती बोट मोलाची आहे का, हा प्रश्न त्या अधिकाऱ्यासमोर नसतोच.

दुसरा सर्व्हे खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र सर्व्हेअरकडून करून घ्यायचा. तो बोट जमिनीवर घेऊन आणि नंतर पाण्यात चालवून, असा दोन्ही प्रकारे झालेला असावा. ‘आमचा नेहमीचा माणूस आहे, तोच करून देईल’ असे विक्रेता म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावे. पुढचे सगळे विवेचन या दुसऱ्या सर्व्हेविषयी आहे.

अहवाल शेवटून वाचावा

बहुतेक अहवालांच्या सुरुवातीला किंवा शेवटी मर्यादांचा एक परिच्छेद असतो, आणि तो छापील मजकूर समजून लोक सोडून देतात. मी मात्र आता सर्वांत आधी तोच वाचतो. ‘अमुक भागापर्यंत पोचता आले नाही’, ‘डेक उघडण्याची परवानगी मिळाली नाही’, ‘बोट पाण्यात असल्याने तळ पाहता आला नाही’ अशी जी वाक्ये तिथे असतात, ती सर्व्हेअरने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेली असली तरी आपल्यासाठी ती धोक्याच्या जागांचा नकाशाच असतात.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. माझ्या पहिल्या बोटीच्या अहवालात एकवीस दोष होते आणि मी एकेक करून सगळ्यांचा हिशेब मांडला होता. ‘डेकखालील पेट्रोलची टाकी दिसू शकली नाही’ ही बाविसावी ओळ दोषांच्या यादीत नसून मर्यादांमध्ये होती, म्हणून ती हिशेबातही आली नाही. दुसऱ्या हंगामात एका सकाळी बिल्जचे, म्हणजे डेकखाली पाणी साचते त्या तळाच्या पोकळीचे, झाकण उघडले आणि पेट्रोलचा वास आला. टाकी ॲल्युमिनियमची होती, तिच्याभोवती भरलेल्या फोममध्ये पाणी साचून राहिले होते आणि तळाशी सुईच्या अग्राएवढी भोके पडली होती. टाकी बदलणे हे तसे अर्ध्या दिवसाचे काम. पण तिच्यापर्यंत पोचण्यासाठी डेक कापावा लागला, आणि कापलेला डेक पुन्हा जोडून त्यावर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, चढवण्याचा खर्च नव्या टाकीच्या तिप्पट झाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशीच साचते आणि स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते, हे लक्षात घेता मी स्वस्तात सुटलो असेच म्हणायला हवे.

म्हणून अहवाल वाचताना एका कोऱ्या कागदाचे दोन भाग करावेत. एका बाजूला सर्व्हेअरने पाहिलेले दोष लिहावेत आणि दुसऱ्या बाजूला त्याने न पाहिलेल्या जागा. निर्णयाच्या दृष्टीने दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, कारण दुसऱ्या बाजूची प्रत्येक ओळ पहिल्या बाजूला आणता येईल का, म्हणजे ती जागा उघडून, दाब देऊन किंवा छिद्र पाडून पाहता येईल का, हा विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न असतो. त्याने परवानगी नाकारली तर तेही एक उत्तरच आहे.

कागद तयार झाला की सर्व्हेअरला फोन करावा. लेखी अहवालात तो शब्द जपून वापरतो. बोलताना थोडा मोकळा होतो. ‘यातले कोणते तीन दोष तुम्हाला खरोखर खटकले?’ आणि ‘तुमच्या घरातले कोणी ही बोट घेत असते तर तुम्ही काय म्हणाला असता?’ हे दोन प्रश्न विचारून गप्प राहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना तो जिथे थांबतो, तिथे पुन्हा विचारावे.

बद्द आवाज

फायबरच्या बोटीत सर्वांत महाग दोष असतो तो अंगाचा, आणि त्यातही मागच्या फळीचा, म्हणजे ट्रान्समचा. ज्या फळीवर आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते ती बाहेरून फायबरची दिसते, पण पुष्कळ बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये दीड-दोन इंच जाडीचे प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट, फिशफाइंडरच्या सेन्सरचे स्क्रू, पाणी बाहेर जाण्याचे भोक यांपैकी कुठल्या तरी एका जागचे सीलंट सुटते, पाणी आत शिरते आणि बाहेरून काहीही न दिसता प्लायवूड आतल्या आत कुजत जाते. दीडशे हॉर्सपॉवरच्या एका फोर-स्ट्रोक इंजिनाचे वजन २०० किलोच्या वर असते. ते कुजलेल्या लाकडावर टांगलेले आहे आणि बोट लाटांवर आपटते आहे, एवढे डोळ्यांसमोर आणले की या एका ओळीला मी इतके महत्त्व का देतो ते समजेल.

हे तपासण्याची पहिली पद्धत आपल्या घरातलीच आहे. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहतात तसे प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर तळहाताएवढ्या अंतराने ठोकत जावे. निरोगी जागी खणखणीत, टणक आवाज येतो. थर सुटलेल्या किंवा लाकूड कुजलेल्या जागी तो बद्द होतो, आणि एकदा कानाला फरक कळला की डोळे मिटूनसुद्धा त्या भागाची सीमा खडूने आखता येते. सर्व्हेअर हेच करतो. आपण त्याच्याबरोबर उभे राहून ऐकावे. दुसरी पद्धत अशी की इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याच्या खालच्या पायावर, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागावर, एकाने हळूहळू भार द्यावा आणि दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहत राहावे. फळी हलली किंवा कोपऱ्यातली भेग उघडमीट करू लागली तर पुढचे बोलणे दुरुस्तीविषयीच व्हायला हवे. तिसरी पद्धत निर्णायक आहे, पण तिच्यासाठी मालकाची लेखी परवानगी लागते: आतल्या बाजूने दोन-तीन बारीक छिद्रे पाडून निघालेला भुसा तळहातावर घ्यायचा. फिकट, कोरडा भुसा आला तर चिंता नाही. काळपट, ओला आणि कुजका वास असलेला आला तर शंकेला जागा उरत नाही. छिद्रे लगेच इपॉक्सीने बुजवून द्यावीत.

ट्रान्सम कुजलेला निघाला म्हणजे बोट सोडलीच पाहिजे असे मात्र नाही. तो बदलता येतो. इंजिने उतरवून आतला थर कापायचा, कुजके लाकूड खरवडून काढायचे, नवे मरीन प्लायवूड बसवायचे आणि त्यावर पुन्हा फायबर चढवायचे, हे काम जाणणारे कारागीर किनाऱ्यावर आहेत आणि ते मोजमाप घेऊन अंदाज देऊ शकतात. अट एकच आहे. कूज ट्रान्सममध्येच थांबली आहे की तिथून पुढे तळाला बळकटी देणाऱ्या लांब कण्यांमध्ये, म्हणजे स्ट्रिंगरमध्ये, शिरली आहे हे आधी कळले पाहिजे. स्ट्रिंगर ओले असतील आणि ते डेकखाली फोममध्ये गाडलेले असतील, तर तळ न लागणारा दोष तो हाच.

फोम पाणी प्यायला आहे का हे ओळखण्याची एक साधी खूण आहे, जी अहवालात नेहमी असतेच असे नाही. बोट सामान आणि माणसे नसताना पाण्यात उभी असेल तेव्हा शेवाळाची जुनी रेघ रंगवलेल्या पाणरेषेच्या किती वर गेली आहे ते पाहावे. बोट आपल्या मूळ पातळीपेक्षा चार बोटे खाली बसत असेल, तर तेवढे वजन कुठून आले याचा जबाब कोणीतरी द्यायला हवा.

ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांनी मात्र फार घाबरू नये. ते यंत्र ओलाव्याची टक्केवारी सांगत नाही. ते एका जागेची दुसरीशी तुलना करून देते. बोट कालच पाण्याबाहेर काढली असेल, तळाला तांबेयुक्त रंग असेल किंवा आतल्या बाजूला धातूची टाकी असेल, तर आकडा वर जातोच. पावसाळाभर ताडपत्रीखाली, बिल्जमध्ये पावसाचे पाणी साचलेल्या अवस्थेत शाकारून ठेवलेल्या बोटीवर सप्टेंबरात घेतलेले आकडे जवळजवळ निरुपयोगी असतात. डाव्या बाजूला कमी आणि उजव्या बाजूला नेमक्या त्याच जागी जास्त, असा फरक दिसला आणि तिथला आवाजही बद्द असला, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

तळावरचे फोड, ज्याला ऑस्मोसिस म्हणतात, हा तसाच एक घाबरवणारा पण बहुधा सौम्य दोष आहे. फोड फोडला की आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचे पाणी निघते आणि खरेदीदाराचा चेहरा उतरतो. विखुरलेले, नखाएवढे फोड असलेल्या बोटी वर्षानुवर्षे चालतात. संपूर्ण तळ सोलून, धुऊन, वाळवून, इपॉक्सी चढवण्याचे काम मोठे असते खरे, परंतु त्याचा खर्च काढता येतो. अडचण येते ती वाळवण्याची, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत तळ खरोखर कोरडा व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि पावसाळ्यात तो होतच नाही.

जेलकोटवरच्या बारीक भेगांचा आकार पाहावा. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तिथे काही तरी आपटले होते. कोपऱ्यात किंवा स्ट्रिंगरच्या ओळीने समांतर धावणाऱ्या भेगा म्हणजे तो भाग चालताना लवतो आहे. पहिल्या प्रकाराला आतून ठोकून पाहणे पुरेसे असते. दुसऱ्या प्रकारावर नवा रंग मारलेला दिसला तर सावध व्हावे. एका फायबर-कारागिराने मला सरळच सांगितले होते, ‘शेट, वरून जेलकोट मारतो, कुनाला कलनार नाय.’ तो माझ्यासाठी काम करत होता म्हणून बोलला. विक्रेत्यासाठी करताना तो गप्प बसला असता.

इंजिन

इंजिनाचे दोष ऐकायला मोठे आणि हिशेबाला सोपे असतात, कारण इंजिन शेवटी बोटीपासून सुटे करता येते आणि फार तर बदलता येते. आउटबोर्डच्या बाबतीत तर त्याची किंमत दुकानात विचारता येते. म्हणूनच ‘इंजिन खराब, अंग उत्तम’ अशी बोट योग्य भावात मिळाली तर मी आनंदाने घेईन, आणि ‘अंग खराब, इंजिने नवी’ अशी बोट बघायलाही दोनदा विचार करीन. नव्या इंजिनांची चमक दाखवून कुजका ट्रान्सम विकणे हा या बाजारातला जुना प्रकार आहे.

तपासणीला पोचताच इंजिनाला हात लावून पाहावा. ते गरम असेल तर ‘तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवले’ या सौजन्याचे आभार मानून दुसऱ्या दिवशी यावे, कारण थंड इंजिन कसे सुरू होते हेच तर पाहायचे असते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीत, एकेका सिलिंडरच्या आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा असतो. सगळे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आसपास असले तर ठीक, एकच सिलिंडर मागे पडत असेल तर कारण शोधावे लागते. खालच्या पायातले गिअर ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरले आहे. वेळेत कळले तर हे केवळ सील बदलण्याचे काम असते, आणि गिअर गंजले असतील तर पूर्ण पाय बदलण्याचे. अहवालात नुसते ‘ऑइलमध्ये पाणी’ असे लिहिले असेल तर या दोन शक्यतांतली कोणती, हे मिस्त्रीकडून पाय उघडून ठरवून घ्यावे.

कमी तास चाललेले इंजिन चांगलेच असते असा एक समज आहे. खाऱ्या पाण्यात वापरून गोड्या पाण्याने न धुता तीन वर्षे उभे ठेवलेले इंजिन आतून मिठाने धरलेले असते, तर पर्यटकांच्या फेऱ्या मारणारे, रोज संध्याकाळी धुतले जाणारे इंजिन तिप्पट तास चालूनही तरतरीत असते. तासांच्या आकड्याबरोबर सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात. त्या नसतील तर मिस्त्रीचे नाव विचारावे आणि त्याला भेटावे.

पाण्यातली चाचणी पूर्ण वेगाने, निदान दहा-पंधरा मिनिटे आणि बोटीवर नेहमीइतकी माणसे घेऊन झाली पाहिजे. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड बहुधा ५००० ते ६००० आरपीएमच्या पट्ट्यात पूर्ण वेग गाठतात. नेमका पट्टा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तिथपर्यंत ते पोचत नसेल तर इंजिन थकले आहे, पंखा, म्हणजे प्रोपेलर, चुकीचा आहे, किंवा तळाला इतके शेवाळ आणि शिंपले धरले आहेत की बोट पळूच शकत नाही, यांपैकी काहीही असू शकते, आणि या तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अहवालात ‘पूर्ण आरपीएम मिळाले नाहीत’ एवढेच असेल तर तळ घासून, योग्य पंखा लावून पुन्हा चाचणी मागावी.

डिझेल इंजिनाच्या बोटीत धुराचा रंग पाहावा: निळा म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी, आणि गरम झाल्यावरही टिकणारा पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेले डिझेल. खाऱ्या पाण्याने थंड होणारा एक्झॉस्टचा कोपर आतून गंजून पाणी सिलिंडरमध्ये परत येण्याची शक्यता असते, म्हणून तो काढून पाहिलेला असावा.

वायरिंगविषयी थोडक्यात एवढेच. जुन्या बोटींत घरगुती वायर, काळ्या टेपने गुंडाळलेले जोड आणि तांब्यावर चढलेला हिरवा थर सापडतोच. तो सगळा काढून टाकून नवे वायरिंग करायचे असे धरून चालावे. बिल्ज पंप, झिंक (इतर धातू गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे), सीट, लाइट यांचेही तसेच. अहवालातली निम्मी पाने यांनीच भरलेली असतात आणि ती निर्णयासाठी वाचण्याची गरज नसते.

हिशेब कागदावर

आता आकडे. पुढचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, विक्रेता ११ लाख मागतो आहे. त्या जातीची, त्या वयाची, चांगल्या स्थितीतली बोट आसपासच्या बंदरांवर विचारपूस केल्यावर १२ लाखांना मिळेल असे दिसते. इथून सुरुवात करायची. विक्रेत्याच्या मागणीपासून कधीच नाही.

फायबर-कारागीर आणि मिस्त्री यांच्याकडून लेखी अंदाज घेतले: ट्रान्सम १,५०,०००, वायरिंग ५०,०००, गिअरचे सील आणि पाण्याचा पंप ४०,०००. बेरीज २,४०,०००. उघडल्यावर काही तरी जास्त निघतेच, म्हणून त्यावर चौथा हिस्सा वाढवून ३,००,००० धरावेत. क्रेन, इंजिने उतरवणे-चढवणे आणि दोन महिन्यांचे जागाभाडे मिळून ६०,०००. टाकी दाब देऊन तपासण्यास विक्रेत्याने नकार दिला आहे, म्हणून ती सडलेलीच आहे असे समजून डेकसह १,२०,०००. एकूण ४,८०,०००. १२ लाखांतून ते वजा केले की ७,२०,००० उरतात, आणि या मनस्तापासाठी काहीच मोबदला धरलेला नाही. विक्रेता १० लाखांवर अडून बसला तर बोट सोडायची. टाकीची तपासणी करू दिली आणि ती सुदृढ निघाली तर ८,४०,००० पर्यंत जायचे. परवानगी देण्यात विक्रेत्याचाच फायदा आहे हे त्याला याच आकड्यांत दाखवता येते, आणि ते बहुधा पटते.

एक आकडा या कागदावर मावत नाही, तो म्हणजे हंगाम. वैशाखात, पाऊस तोंडावर असताना बोटी स्वस्त होतात, कारण त्या ओढून वर घ्यायच्या, शाकारायच्या आणि चार महिने सांभाळायच्या हा खर्च मालकाला नको असतो. परंतु मे महिन्यात घेतलेल्या ओल्या ट्रान्समच्या बोटीला बंदिस्त शेड नसेल तर ऑक्टोबरपर्यंत हात लावता येत नाही, कारण दमट हवेत लाकूड वाळत नाही आणि ओल्या पृष्ठभागावर फायबर नीट धरत नाही. मग काम सुरू होते तेव्हा कारागिरांकडे सगळ्यांचीच गर्दी असते आणि बोट पाण्यात उतरेपर्यंत दिवाळी आणि नाताळ दोन्ही उलटून जातात. स्वतःच्या फेरफटक्यासाठी घेणाऱ्याला हे परवडेल. बोटीवर पोट असलेल्याने बुडालेला हंगाम खर्चात धरलाच पाहिजे.

कागद, विमा आणि विसार

नोंदणी विक्रेत्याच्याच नावावर आहे का, बोटीवर बँकेचे कर्ज आहे का आणि असल्यास ना-हरकत पत्र मिळेल का, इंजिनांवरचे क्रमांक पावत्यांशी जुळतात का, बोट परदेशातून आणलेली असल्यास सीमाशुल्काचे कागद आहेत का, जेटीचे भाडे थकले आहे का, हे सगळे दुरुस्तीच्या चर्चेआधी पाहावे. कागद गोंधळलेले असतील तर वरचा सगळा हिशेब व्यर्थ आहे. तो दोष कोणताही कारागीर दुरुस्त करू शकत नाही.

वाईट सर्व्हेचा एक परिणाम खरेदीनंतरही मागे राहतो. जुन्या बोटीचा विमा उतरवताना कंपनी सर्व्हेचा अहवाल मागू शकते, आणि त्यात ‘समुद्रात नेण्याआधी दुरुस्त करावे’ असे लिहिलेले काम न करता बोट चालवली आणि अपघात झाला, तर दावा अडण्याचे कारण आपणच तिच्या हातात दिलेले असते. त्यामुळे अशी कामे ‘पुढच्या वर्षी बघू’ या यादीत टाकता येत नाहीत, आणि पैशाचे नियोजन करताना ती बोटीच्या किमतीचाच भाग समजावीत.

विसार देताना साध्या कागदावर का होईना, पण एक करार करावा: सर्व्हे समाधानकारक न निघाल्यास विसार पूर्ण परत मिळेल, आणि समाधानकारक म्हणजे काय ते खरेदीदार ठरवील. सर्व्हे आधीच होऊन गेला असेल आणि दुरुस्ती विक्रेत्याने करून द्यायची असे ठरत असेल, तर मी शक्यतो ते मान्य करत नाही, कारण विक्रेता स्वस्तातली दुरुस्ती करतो आणि ती रंगाखाली झाकली जाते. किंमत कमी करून घ्यावी आणि काम आपल्या माणसाकडून, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. विक्रेत्यानेच करायचे असेल तर ट्रान्सम उघडा असताना, नवे लाकूड बसवल्यावर पण फायबर चढवण्याआधी, सर्व्हेअरला पुन्हा एकदा बोलवायचे अशी अट घालावी आणि त्या फेरीचे पैसे आपण द्यावेत.

सौदा मोडला तर सर्व्हेचे, क्रेनचे आणि प्रवासाचे पैसे गेले असे वाटते, आणि ते वसूल करण्याच्या नादात लोक नको ती बोट घेतात. माझ्याकडे अशा न घेतलेल्या दोन बोटींचे अहवाल फाइलमध्ये आहेत. दुसऱ्या बोटीच्या मालकाने मी नाही म्हटल्यानंतर आठ महिन्यांनी फोन केला. ट्रान्सम त्याने स्वखर्चाने बदलला होता, उघडलेल्या लाकडाचे फोटो पाठवले होते आणि मी तेव्हा सांगितलेला भाव अजून कायम आहे का, असे तो विचारत होता. मी टाकीविषयी विचारले. तिथे तो थोडा थांबला, आणि मग म्हणाला की ती मात्र अजून उघडून पाहिलेली नाही.